मे, दुपारी दोन

सकाळी ६.३०
डोंबिवलीत भाच्याच्या घरी चहा घेत वही उघडली. जहांगीर कलादालनात मंगळवारी मांडलेलं प्रदर्शन सोमवारी संध्याकाळी उतरवायचं असतं, आज सोमवार. निसर्गचित्रं बावीस, विकली गेली तीन. दालनाचं भाडं, फ्रेमा, काचा, धामणगावहून विदर्भ एक्स्प्रेसनं आणलेली खोकी... अजून दोन गेली तर तोंडमिळवणी होईल. यवतमाळात पस्तीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवली. गणिताचा तास दुसऱ्याचा असे.

१०.१५
सीएसएमटीहून काळा घोड्यापर्यंत पायी. दालनाबाहेर फूटपाथवरचे चित्रकार चित्रं लावत होते. त्यांना लोक थेट भाव विचारतात. आत एसीत आले की तेच लोक हळू आवाजात किमतींची यादी मागतात.

११.००
दार उघडलं. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली ही वास्तू झाली. इथली तारीख मिळायला चित्रकार वर्षानुवर्षं थांबतात. मीही थांबलो. पहिला तास पाणी प्यायला आणि थंडाव्याला आलेल्यांचा. तेही चित्रं बघतात, नाही असं नाही.

१२.३०
एक बाई मोबाइलमध्ये आपल्या भिंतीचा फोटो घेऊन आल्या. "सोफ्यावर तीन फुटांची जागा आहे. हिरवं काही आहे का?"
हा प्रश्न या आठवड्यात किती वेळा ऐकला! आमचा जिल्हा हिरवा असतो तो पावसाळ्यात आणि फार तर दिवाळीपर्यंत. पुढे पिवळा, मग तांबूस, आणि मे महिन्यात पांढरा. हिरवं एकच होतं: पैनगंगेवरचा सहस्रकुंड, भर श्रावणातला. त्यांनी घेतलं. लेबलाशेजारी लाल टिकली लावली. राहिलं एक.

२.००
सामसूम. डबा खाल्ला आणि माझ्या सगळ्यात मोठ्या जलरंगासमोर जाऊन बसलो. 'मे, दुपारी दोन'. वणीकडचं कोरडवाहू शेत, मोडका धुरा, भेगाळलेली जमीन. काळी माती काळ्या रंगानं काढली की मरते. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळला की ती जांभळट होते, ऊन पिते. आभाळाला जवळजवळ हात लावलेला नाही; कोरा कागदच ऊन आहे. कोल्हापूरच्या आबालाल रहमान यांनी कोटितीर्थ तलाव वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा रंगवला. आपल्या गावाचं ऊन ओळखायला तेवढं बसावंच लागतं, असं मी पोरांना सांगत आलो. हिरवं मागणाऱ्यांची मनात थोडी कीवही करत आलो.

३.१५
कलाशाळेतली पोरं आली. एकानं विचारलं, "सर, हुसेनांचं 'ग्रामयात्रा' २०२५ मध्ये ११८ कोटींना गेलं. तेही गावच ना?" म्हटलं, गावच, १९५४ सालचं. माझ्याही गावाची किंमत यादीत आहे, वाच. पोरं हसली.

४.३०
साठीचे एक गृहस्थ, पायात चपला, हातात पिशवी. मोठ्या चित्रासमोर दहा मिनिटं उभे. "वणीकडचं हाय का जी?" मला उठून मिठीच मारावीशी वाटली. मुलाकडे मुंबईला आले होते. मग त्यांनी चित्राच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट नेलं.
"पऱ्हाटी उभी काऊन हाय?"
मी गप्प.
"मे म्हणता अन् पऱ्हाटी उभी? फरदड ठेवली तरी मार्चपर्यंत. बोंडअळीपायी आता तर कृषीवाले डिसेंबरातच उपटा म्हणतात. मे महिन्यात शेत मोकळं असते, गुरुजी."
खरं होतं. शेत मोकळंच होतं. समोरचा भाग रिकामा वाटत होता, म्हणून घरी आल्यावर मी कापसाच्या चार उभ्या काड्या घातल्या होत्या. रचनेसाठी. आठवडाभरात शेकडो माणसं येऊन गेली. चूक पकडली ती विकत न घेणाऱ्यानं. "बाकी उन बराबर हाय," म्हणून ते गेले.

६.४०
दिवे मालवायला वीस मिनिटं. एक तरुण जोडपं त्याच चित्रापाशी थांबलं. "बाकी किती मोकळं आहे, पण पुढची ही झुडपं काय छान उभी केलीत!" तो म्हणाला. "त्यांच्यामुळंच घ्यावंसं वाटतंय."
सांगावं का? वहीतलं गणित आठवलं. त्यानं मोबाइलवरून पैसे पाठवले. मी टिकली लावली. काही बोललो नाही.

८.१५
चित्रं उतरवली, खोकी बांधली. घरी बायकोला फोन केला.
"तोंडमिळवणी झाली. मोठंवालं गेलं."
"पऱ्हाटीचं?"
"हो."
तिकडून क्षणभर काहीच नाही. तिचं माहेर शेतकऱ्याचं. काड्या घातल्या त्या दिवशीच ती काहीतरी म्हणाली होती, मी ऐकलं नव्हतं.
"बरं झालं," ती म्हणाली. "आता खरंवालं काढा."