शेअर रिक्षामुळे गाड्या खरंच कमी होतात का?

शहरातल्या वाहतुकीवर संशोधन करायचं ठरवत असाल, तर माझी ही चूक आधीच वाचून ठेवा.

पुण्यात मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली. घरापासून स्थानकापर्यंत यायला कोणी शेअर रिक्षा घेतं, कोणी बस, कोणी चालत येतं. माझ्या पहिल्या सर्वेक्षणात मी स्थानकाबाहेर उभा राहून विचारलं, "इथवर कशाने आलात?" शेअर रिक्षाची उत्तरं मोजली आणि लिहून टाकलं की तेवढ्या खासगी गाड्या कमी झाल्या! गाईडनी एवढंच विचारलं, "रिक्षा नसती तर ही माणसं कशाने आली असती?" माझ्या फॉर्ममध्ये तो प्रश्नच नव्हता. सगळे फॉर्म पुन्हा भरून घ्यावे लागले.

याला 'मोड सब्स्टिट्यूशन' म्हणतात. म्हणजे नव्या साधनाने नेमकी कोणत्या जुन्या साधनाची जागा घेतली, ते तपासणं. समजा, शेअर रिक्षाने १०० जण आले. एरवी त्यातले ५५ बसने, ३० चालत आणि १५ स्वतःच्या गाडीने आले असते. मग गाडीच्या फेऱ्या १०० नाही, फार तर १५ वाचल्या. एकाच गाडीतून दोघं येणार असतील, तर आणखी कमी. रिक्षा परतताना रिकामी धावली, तर तेही किलोमीटर हिशोबात धरा.

मग शेअर रिक्षा निरुपयोगी का? अजिबात नाही. उन्हातान्हात चालत येणाऱ्या आजींची पायपीट वाचली, हा खरा फायदा आहे. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाचा भरही वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासावर आहे. फक्त हा फायदा सोयीचा आहे, गाड्या कमी झाल्याचा नाही. दोन्ही वेगवेगळे मोजा.

तुमच्या फॉर्ममध्ये हे तीन प्रश्न नक्की ठेवा:

१. आज हे साधन मिळालं नसतं, तर कशाने आला असता?
२. की आलाच नसता?
३. घरी गाडी आहे का, आणि आज ती वापरता आली असती का?

आणि हो, "नेहमी काय करता?" असं विचारू नका. आजच्याच प्रवासाबद्दल विचारा. 'नेहमी'चं उत्तर लोक अंदाजाने देतात. आजचं त्यांना आठवत असतं.

फॉर्म छापायच्या आधी स्वतःलाच विचारा: हे नसतं तर काय झालं असतं? माझ्यासारखी दुसरी फेरी मारावी लागणार नाही.