शंका घेणाऱ्याशी आपण कसे वागतो?

गेल्या वर्षी शास्त्रवर्गात देवाच्या दयेविषयी आम्ही बोलत असता एक विद्यार्थी उभा राहिला आणि त्याने विचारले, "सर, देव दयाळू आहे, तर माझी धाकटी बहीण का गेली?" वर्ग स्तब्ध झाला. आम्ही ठराविक उत्तर दिले. शिवाय, असले प्रश्न काढणे हे अविश्वासाचे लक्षण होय, असेही बोलून गेलो. मुलगा मुकाट्याने खाली बसला. त्यानंतर त्या वर्गात त्याने तोंड म्हणून उघडले नाही.

योहानाच्या शुभवर्तमानातील थोमाची कथा आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. खिळ्यांचे व्रण पाहिल्यावाचून मी विश्वास धरणार नाही, असे तो म्हणाला, आणि तेव्हापासून 'संशयी' हे विशेषण त्याच्या नावास जे चिकटले ते चिकटलेच. परंतु त्या कथेतील एका बारीक गोष्टीकडे आमचेही लक्ष फार उशिरा गेले. आठ दिवसांनी प्रभु पुन्हा आला, तेव्हा थोमा इतर शिष्यांबरोबरच घरात होता. इतरांनी त्यास बाहेर घालविले नव्हते, व तोही रुसून निघून गेला नव्हता. प्रभूने प्रथम सर्वांस शांती दिली, थोमापुढे आपले हात केले, आणि बोधाचा शब्द मागाहून उच्चारला. आम्ही मात्र बोधापासूनच आरंभ केला होता!

थोमाचे आठ दिवस, तर पंडिता रमाबाईंची आठ वर्षे. तरुणपणी दुष्काळात आईबाप व बहीण यांस अंतरलेल्या आणि पुढे अल्पकाळातच भाऊ व पती यांचाही वियोग सोसलेल्या या विदुषी 1883 साली इंग्लंडास गेल्या. तेथे लंडनमधील फुलहॅम येथे पतित मानलेल्या स्त्रियांची जोगिणी प्रेमाने सेवा करीत आहेत, हे त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्यांविषयी ही माया कोठून आली, असे त्यांनी विचारले असता एका जोगिणीने त्यांस ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांची कथा वाचून दाखविली. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथे कथा संपली असती, तर ती सोपी होती. परंतु बाप्तिस्म्यानंतरही त्र्येकत्वासारख्या मतांविषयी त्यांच्या शंका मिटल्या नाहीत. आपल्या धर्ममातेशी, सिस्टर जेराल्डीन यांच्याशी, त्यांनी पत्रांतून कसून वाद केला. केवळ मोठे सांगतात म्हणून मान डोलविणे त्यांस मान्य नव्हते. काहींस हा गर्व वाटला. आम्हांस तो प्रामाणिकपणा वाटतो. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपणांस उमगले, की आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला होता, पण ख्रिस्त लाभला नव्हता, असे त्यांनीच पुढे लिहून ठेविले आहे.

आता सनांचा हिशेब पाहावा. विधवांसाठी शारदा सदन त्यांनी मुंबईस उघडले ते 1889 साली, म्हणजे मनाचे समाधान होण्याच्या आधीच. शंका फिटेपर्यंत त्यांनी दुःखितांस दाराबाहेर ताटकळत ठेविले नाही. पुढे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली व विधवा त्यांनी शेकड्यांनी आणल्या व केडगाव येथे त्यांस आश्रय दिला. भूक म्हणजे काय, हे त्यांस कोणी समजावून सांगावे लागले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा केला आणि कोनाड्यातून एक लहानशी पाटी काढून आमच्या हाती दिली. तीवर मुळाक्षरे होती. ती कोणी पुसली नव्हती. परतताना मुलगा मोटारथांब्यापर्यंत पोचवावयास आला आणि त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. आम्ही म्हणालो, "बाळ, याचे उत्तर आम्हांसही ठाऊक नाही."

"मग सर, त्या दिवशी तसे का म्हणालात?"

गाडी आली होती, परंतु आम्ही ती जाऊ दिली.