टिपॉयवरचं पांढरं कडं: आधी डागाचा रंग बघा

वर्ध्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि थंडगार पाण्याचा पेला सागवानी टिपॉयवर पांढरं कडं सोडतो. मग लगेच टूथपेस्ट नाहीतर राख निघते. डाग जातो, पण पॉलिशही खरवडलं जातं. पांढरा डाग लाकडात नसतोच. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून केलेल्या पॉलिशच्या थरात ओल शिरते, उजेड विखुरतो आणि तेवढा भाग दुधी दिसतो. म्हणजे घासायचं नाही, ओल काढायची. आधी दोन दिवस पंख्याखाली सुकू द्या. नाहीच गेला तर कोरडं सुती कापड ठेवून, वाफ बंद करून, मंद इस्त्री दोन-तीन सेकंद फिरवा आणि उचलून बघा. टेकवून ठेवू नका. लाख उष्णतेने चटकन मऊ पडते.

कुणी म्हणेल, खोबरेल तेलानेही जातो की! दिसेनासा होतो खरा, कारण तेल थरातल्या बारीक फटी भरतं. फिकट डागाला तेवढं पुरतंही. काळ्या डागापुढे मात्र तेल आणि इस्त्री दोन्ही फुकट. तिथे पाणी लाकडापर्यंत पोचलेलं असतं, लोखंडाचा अंश आणि लाकडातलं टॅनिन मिळून काळं पडतं. पॉलिश उतरवून ऑक्झॅलिक ॲसिड लावावं लागतं. ते विषारी, हे काम पॉलिशवाल्यालाच द्या.