रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘एमपीओ पॉझिटिव्ह’ लिहिलंय, म्हणजे नेमकं काय?

रक्ताच्या कॅन्सरचा संशय आला की नांदेड-लातूरच्या पेशंटचा नमुना अनेकदा पुणे, मुंबई किंवा हैदराबादच्या प्रयोगशाळेत जातो. एक-दोन दिवसांत रिपोर्टची पीडीएफ नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर येते. त्यात ‘एमपीओ पॉझिटिव्ह’ असं काहीतरी दिसतं. ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं की आधी काळजात धस्स होतं.

पण इथे पॉझिटिव्ह म्हणजे ‘आजार वाढलाय’ असं नाही आणि ‘सगळं ठीक आहे’ असंही नाही. बिघडलेली पेशी कोणत्या घराण्यातली आहे, एवढंच हा शब्द सांगतो. पुढची औषधं मात्र त्यावरच ठरतात.

एमपीओ म्हणजे काय?

एमपीओ म्हणजे मायलोपेरॉक्सिडेज. हे माणसाच्या शरीरातलं एक एन्झाइम आहे. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये छोटे कण असतात, त्यांत ते साठवलेलं असतं. जंतू शिरले की या एन्झाइमच्या मदतीने ब्लीचसारखं तीव्र रसायन तयार होतं आणि जंतू मरतात. पुवाला हिरवट रंग येतो तोही याच एन्झाइममुळे.

पांढऱ्या पेशींची दोन मोठी घराणी आहेत. एक मायलॉइड, दुसरं लिम्फॉइड. एमपीओ ही मायलॉइड घराण्याची खूण आहे.

मग कॅन्सरशी त्याचा संबंध काय?

अक्युट ल्युकेमियामध्ये बोन मॅरोत कच्च्या पेशींची गर्दी होते. त्यांना ब्लास्ट म्हणतात. मायक्रोस्कोपखाली दोन्ही घराण्यांचे ब्लास्ट कधीकधी इतके सारखे दिसतात की अनुभवी डॉक्टरांनाही नुसतं पाहून सांगता येत नाही.

उपचार मात्र वेगळे असतात. लिम्फॉइड प्रकारात, म्हणजे ‘एएलएल’मध्ये, व्हिंक्रिस्टीन, स्टेरॉइड आणि अ‍ॅस्पॅराजिनेज ही औषधं लागतात आणि उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. लहान मुलांमध्ये हाच प्रकार जास्त आढळतो. मायलॉइड प्रकारात, म्हणजे ‘एएमएल’मध्ये, सायटाराबीन आणि डॉनोरुबिसिनसारखी औषधं देतात, त्यासाठी दवाखान्यात भरती राहावं लागतं. घराणं चुकीचं ओळखलं तर औषधंही चुकीची सुरू होतात.

चमकणारी अँटीबॉडी इथे काय करते?

लातूरला नीटची तयारी करणाऱ्या मुलांना अँटीबॉडीचं इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखं चित्र पाठ असतं. अँटीबॉडी एका ठरावीक प्रथिनालाच घट्ट चिकटते. 1975 मध्ये कोहलर आणि मिलस्टीन यांनी एकाच साच्याच्या अँटीबॉडी हव्या तितक्या बनवण्याची पद्धत शोधली. 1984 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

त्याच्याही आधी, 1941 मध्ये, अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी अँटीबॉडीला चमकणारा रंग जोडून दाखवला होता. आज त्यासाठी ‘एफआयटीसी’ हा रंग खूप वापरला जातो. त्याच्यावर निळा प्रकाश पडला की तो हिरवा चमकतो.

एमपीओ पेशीच्या आत असतं. म्हणून आधी पेशी एका रसायनाने जशीच्या तशी पक्की करतात आणि तिच्या आवरणाला बारीक छिद्रं पाडतात. मग चमकणारी अँटीबॉडी आत जाते. एमपीओ सापडलं तर त्याला चिकटून राहते, नाहीतर धुऊन निघून जाते.

पुढचं काम फ्लो सायटोमीटरचं. या मशीनमधून पेशी एकामागोमाग एक लेझरसमोरून जातात. सेकंदाला हजारो पेशींची चमक मोजली जाते. त्याच नळीत पेशंटच्या चांगल्या पेशीही असतात. निरोगी लिम्फोसाइट चमकायला नकोत आणि न्यूट्रोफिल चमकायलाच हवेत. तसं झालं, तर ब्लास्टच्या चमकेवर विश्वास ठेवता येतो.

‘एमपीओ निगेटिव्ह’ म्हणजे एएमएल नाही का?

तसं नाही. एएमएलच्या काही प्रकारांत ब्लास्टमध्ये एमपीओ फार कमी असतं किंवा नसतंच. म्हणून एकाच खुणेवर निदान होत नाही. रिपोर्टमध्ये सीडी19, सीडी3, सीडी13, सीडी33, सीडी34 अशी लांबलचक यादी असते, ती याचसाठी. सगळ्या खुणा, मायक्रोस्कोपची पाहणी आणि जनुकीय तपासण्या एकत्र करून निर्णय होतो.

नावातही एक गफलत होते. ‘एमपीओ-एएनसीए’ ही पूर्ण वेगळी तपासणी आहे. रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या काही आजारांत पेशंटचं शरीर स्वतःच एमपीओविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, ती त्यात शोधतात. तिचा ल्युकेमियाच्या निदानाशी संबंध नाही.

बाटलीवर ‘फक्त संशोधनासाठी’ का लिहितात?

एमपीओची चमकणारी अँटीबॉडी बऱ्याच कंपन्या विकतात. अनेक बाटल्यांवर ‘फक्त संशोधनासाठी’ अशी सूचना असते. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एखादा विद्यार्थी तिच्यावर प्रयोग करू शकतो. पेशंटचं निदान मात्र तिच्यावर करायचं नसतं, कारण त्या कामासाठी ती तपासून मंजूर झालेली नसते. निदानासाठीची रसायनं आणि किट भारतात मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, 2017 या नियमांखाली येतात.

नमुना लांब पाठवताना काय सांभाळावं?

लातूरहून पुणे सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. नांदेडहून मुंबई साडेपाचशेहून जास्त. या प्रवासात पेशी जिवंत राहायला हव्यात, कारण मेलेल्या पेशींना अँटीबॉडी कशीही चिकटते आणि निकाल फसवा येतो.

नमुना शक्यतो 24 ते 48 तासांत पोहोचावा. तो गोठू देऊ नये. थेट बर्फात ठेवू नये आणि मराठवाड्याच्या उन्हात बसच्या डिकीत तापूही देऊ नये. नळी कोणती, तापमान किती, हे ज्या प्रयोगशाळेत नमुना जाणार तिला आधीच विचारावं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी नमुना निघणार असेल, तर दुसऱ्या दिवशी तो घ्यायला कोणी असेल का, हेही विचारून घ्यावं.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांना काय विचारायचं?

तीन प्रश्न पुरेसे आहेत. ल्युकेमिया मायलॉइड आहे की लिम्फॉइड? नमुन्यातल्या पेशी चांगल्या होत्या का? आणि ‘एपीएल’चा संशय आहे का?

तिसरा प्रश्न सगळ्यात तातडीचा. एपीएल हा एएमएलचाच एक प्रकार आहे. त्यात ब्लास्टमध्ये एमपीओ सहसा खूप जोरात चमकतं. त्यात अचानक जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून जनुकीय तपासणीची वाट न पाहता, नुसत्या संशयावरही डॉक्टर औषध सुरू करतात. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक पेशंट या आजारातून पूर्ण बरे होतात.

खर्चाची चिंता असेल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. उपचारांतलं काय योजनेत बसतं, ते त्यांच्याकडे पहिल्याच दिवशी विचारावं.