बटण परत द्या! वापरणाऱ्यांच्या हट्टापुढे झुकलेली सॉफ्टवेअरं

स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यातलं एक बटण काढलं म्हणून जगभर ओरड झाली आणि मायक्रोसॉफ्टला ते परत आणावं लागलं. गोष्ट आहे विंडोजच्या स्टार्ट बटणाची. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ बाजारात आलं तेव्हा याच बटणाचा केवढा गाजावाजा होता! जाहिरातीसाठी रोलिंग स्टोन्सचं ‘स्टार्ट मी अप’ हे गाणं घेतलं होतं. कम्प्युटरसमोर पहिल्यांदा बसणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळत नसे. त्याला या बटणाने सांगितलं की इथे दाब, सगळं इथूनच सुरू होतं. पुढच्या सतरा वर्षांत कोट्यवधी हातांना तो कोपरा पाठ झाला.

मग ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आलं. टॅब्लेटचा जमाना आला, आता सगळे बोटानेच काम करणार, असं ठरवून कंपनीने पडदाभर रंगीत चौकोन मांडले आणि बटण काढून टाकलं. माऊस घेऊन टेबलाशी बसणाऱ्यांची पंचाईत झाली. कम्प्युटर बंद कुठून करायचा, हेसुद्धा अनेकांना सापडेना. लोकांनी मग आपली वाट आपणच काढली. ‘क्लासिक शेल’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर जुना मेनू परत आणून द्यायचं. ‘स्टार्ट ८’ तेच काम करायचं आणि त्याची किंमत होती सुमारे पाच डॉलर. विकत घेतलेल्या सिस्टिममधलं हरवलेलं बटण परत मिळवायला माणसं वर आणखी पैसे मोजत होती, याहून स्पष्ट मत ते काय हवं?

कंपनी एकदम नमली नाही. ऑक्टोबर २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये बटण आलं, पण दाबलं की पुन्हा तेच रंगीत चौकोन! खरा मेनू परतला तो २९ जुलै २०१५ ला, विंडोज १० बरोबर. मधला ९ हा आकडा कंपनीने गाळूनच टाकला. २०२१ च्या विंडोज ११ ने हे बटण खालच्या पट्टीत मधोमध आणून ठेवलं, पण या वेळी ते पुन्हा डावीकडे नेण्याची सोय पहिल्या दिवसापासून सेटिंगमध्ये होती.

ऐकीव मत, पाहिलेलं मत

मत नेहमी वापरूनच बनतं असं नाही. २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टाचं नाव इतकं खराब झालं होतं की ज्यांनी ते कधी उघडलंही नव्हतं तेही नाकं मुरडत. ‘संथ आहे’, ‘दर पावलाला परवानगी मागतं’ या तक्रारी खऱ्या होत्या, पण त्यात ऐकीव भर फार होती. म्हणून २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने सॅन फ्रान्सिस्कोत एक प्रयोग केला. व्हिस्टाबद्दल वाईट मत असलेल्या लोकांना बोलावलं, ‘मोहावी’ नावाची नवी सिस्टिम येतेय असं सांगून ती दाखवली आणि छुप्या कॅमेऱ्याने त्यांचे चेहरे टिपले. लोक खूश झाले. मग त्यांना सांगितलं, की तुम्ही आत्ता पाहिलंत ते व्हिस्टाच!

जाहिरात म्हणून कल्पना झकास होती, पण माझं मन त्या पाहुण्यांच्या बाजूने आहे. त्यांना व्हिस्टा दाखवलं गेलं ते चांगल्या मशीनवर आणि जाणकाराच्या हातून. घरच्या जुन्या कम्प्युटरवर ते स्वतः बसवून त्यात प्रिंटर जोडायची वेळ त्यांच्यावर आलीच नाही. लोकांचा राग होता तो नेमका तिथला. पुढच्या विंडोज ७ च्या जाहिरातींत मात्र कंपनीने सूर बदलला. त्यांत साधी माणसं सांगायची, की विंडोज ७ ही माझीच कल्पना!

एका दिवसात वाचलेलं पेंट

विंडोजच्या १९८५ च्या पहिल्या आवृत्तीपासून पेंट सोबत आहे. जुलै २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक रूक्ष यादी प्रसिद्ध केली: यापुढे ज्यांच्यावर काम होणार नाही अशा गोष्टींची. त्यात पेंटचं नाव होतं. बातमी पसरली आणि जगभरातून लोकांनी पेंटमध्ये काढलेली वेडीवाकडी चित्रं टाकून निरोप द्यायला सुरुवात केली. शाळेच्या कम्प्युटर लॅबमध्ये ज्यांनी पहिल्यांदा माऊस धरला, त्यातल्या कितीतरी जणांचं पहिलं घर, पहिला सूर्य आणि पहिला डोंगर पेंटमध्येच उमटला होता. एका दिवसाच्या आत कंपनीने जाहीर केलं की पेंट मरत नाही, स्टोअरमधून फुकट मिळत राहील. प्रत्यक्षात ते विंडोजमधून हललंच नाही. उलट २०२३ मध्ये त्यात थरांवर काम करण्याची आणि पारदर्शक चित्रांची सोय आली. मरणपंथाला लावलेलं सॉफ्टवेअर लोकांच्या प्रेमाने नुसतं वाचलं नाही, वयाच्या अडतिसाव्या वर्षी नव्या गोष्टी शिकलं!

पत्त्यांचा सॉलिटेअरही तसाच लाडका. तो वेस चेरी नावाच्या, मायक्रोसॉफ्टमध्ये उमेदवारी करणाऱ्या तरुणाने लिहिला आणि १९९० च्या विंडोज ३.० बरोबर तो घराघरांत गेला. पत्ते काढले सुझन केअर यांनी. ॲपलच्या पहिल्या मॅकिंतॉशची चिन्हं काढणाऱ्या त्याच. पत्ता धरून ओढायचा, योग्य जागी नेऊन सोडायचा: लोक खेळत होते आणि माऊस चालवायला शिकत होते. चेरी यांना या खेळाचं मानधन मात्र मिळालं नाही. २०१९ मध्ये सॉलिटेअरला व्हिडिओ गेमच्या जागतिक ‘हॉल ऑफ फेम’मध्ये जागा मिळाली.

नकोसा क्लिपी, हवासा क्लिपी

ऑफिस ९७ मध्ये मोठ्या डोळ्यांची एक पेपर क्लिप टपकन उगवायची आणि ‘पत्र लिहिताय वाटतं?’ असं विचारायची. तिचं कागदोपत्री नाव क्लिपिट, पण लोक म्हणायचे क्लिपी. क्लिपीवर लोक जेवढे वैतागले तेवढे क्वचितच कशावर वैतागले असतील. न विचारता सल्ला देणं आणि दहादा नको म्हटलं तरी अकराव्यांदा येणं, हाच त्याचा दोष. २००१ च्या ऑफिस एक्सपीमध्ये क्लिपीला गप्प बसवण्यात आलं आणि कंपनीने त्याचीच जाहिरात केली: नवं ऑफिस इतकं सोपं आहे की क्लिपीची नोकरी गेली! ऑफिस २००७ मध्ये तो पुरता नाहीसा झाला.

आणि मग लोकांना त्याची आठवण येऊ लागली. जुलै २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ट्विटरवर क्लिपीचं चित्र टाकून म्हटलं, की याला वीस हजार पसंत्या मिळाल्या तर आमच्या पेपर क्लिपच्या इमोजीच्या जागी क्लिपी येईल. पसंत्यांचा पाऊस पडला आणि क्लिपी परत आला. या वेळी तो नुसता चित्रात आहे, मध्येमध्ये बोलत नाही. लोकांना बहुधा एवढंच हवं होतं.

चीज कुठे ठेवायचं?

ऑक्टोबर २०१७. गूगलच्या बर्गर इमोजीत चीजचा तुकडा टिक्कीच्या खाली आहे, हे कोणाच्या तरी लक्षात आलं. ॲपलच्या बर्गरमध्ये तो वर होता. इंटरनेटवर वाद रंगला. शेवटी गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी स्वतः लिहिलं, की सोमवारी बाकी सगळं बाजूला ठेवून याकडे बघतो. अँड्रॉइड ८.१ मध्ये चीज टिक्कीच्या वर गेलं. अर्ध्या भरलेल्या बिअरच्या ग्लासावर अधांतरी तरंगणारा फेसही त्याच झटक्यात ताळ्यावर आला. त्याआधी २०१६ मध्ये ॲपलने पीचचा इमोजी अगदी खऱ्या फळासारखा करून पाहिला होता. पण लोक तो वापरत होते भलत्याच चावट अर्थाने, त्यामुळे चाचणीच्या काळातच इतकी ओरड झाली की जुना गोलाकार पीच परत आणावा लागला. आपल्या कामाचे इमोजी आले ते २०१९ मध्ये: रिक्षा, साडी, पणती आणि देऊळ, चौघंही एकाच वर्षी.

ट्विटरवरचा हॅशटॅग तर कंपनीचा नव्हेच. ऑगस्ट २००७ मध्ये ख्रिस मेसिना या वापरकर्त्याने तो सुचवला तेव्हा कंपनीतल्या मंडळींना तो सामान्यांसाठी फार किचकट वाटला. त्याच ऑक्टोबरमध्ये सॅन दिएगोच्या परिसरात वणवे पेटले आणि बातम्या एकत्र सापडाव्यात म्हणून लोकांनी तो वापरायला सुरुवात केली.

निळी टिक

नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सॲपवर दोन टिक निळ्या झाल्या. निरोप वाचलाय हे पाठवणाऱ्याला कळू लागलं. ‘वाचलंस ना, मग उत्तर का नाही?’ या प्रश्नाने किती घरांत आणि किती मैत्रीत ठिणग्या पडल्या असतील! तक्रारींचा भडिमार झाला आणि थोड्याच दिवसांत निळी टिक बंद ठेवण्याची सोय करावी लागली. मला ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची लढाई वाटते. बाकी ठिकाणी प्रश्न सवयीचा होता. इथे तो होता स्वतःच्या वेळेने उत्तर देण्याच्या हक्काचा.

जानेवारी २०२१ मध्ये खाजगी माहितीविषयीची नवी धोरणं ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा असं व्हॉट्सॲपने कळवलं, तेव्हा इतके लोक सिग्नल या दुसऱ्या ॲपकडे धावले की तिथे नोंदणीचा कोड यायलाही उशीर होऊ लागला. व्हॉट्सॲपने मुदत १५ मेपर्यंत पुढे ढकलली.

फुकट दिलं तरी नको

९ सप्टेंबर २०१४ ला ॲपलने यू टू या बँडचा नवा अल्बम आयट्यून्सच्या सुमारे ५० कोटी ग्राहकांच्या संग्रहात परस्पर टाकून दिला. भेटच होती ती! पण आपल्या गाण्यांच्या यादीत न मागितलेली गाणी पाहून लोक खवळले. आठवड्याभरात ॲपलला तो अल्बम एका क्लिकमध्ये काढून टाकण्याचं खास पान उघडावं लागलं आणि पुढच्या महिन्यात गायक बोनो यांनी माफीही मागितली. राग संगीतावर नव्हता. माझ्या संग्रहात काय असावं ते मी ठरवणार, एवढंच लोकांचं म्हणणं होतं आणि ते शंभर टक्के बरोबर होतं.

नेटफ्लिक्सवर एखाद्या चित्रावर क्षणभर थांबलं की झलक आपोआप वाजू लागे. तक्रारी साचत गेल्या आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ती बंद करण्याची सोय आली. उलट ‘स्किप इंट्रो’ हे बटण लोकांनी डोक्यावर घेतलं. कंपनीने २०२२ मध्ये सांगितलं की ते दिवसाला १३.६ कोटी वेळा दाबलं जातं आणि त्यातून सगळ्यांचा मिळून एका दिवसात १९५ वर्षांचा वेळ वाचतो.

काही तक्रारी मात्र फार रेंगाळतात. आयपॅडवर कॅल्क्युलेटर नाही ही तक्रार २०१० पासूनची. ती २०२४ मध्ये मिटली.

नारिंगी शंकू

कुठलीही फाइल द्या, चालवून दाखवतो, अशी ज्याची ख्याती, तो व्हीएलसी प्लेअर. १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो उगवला. त्या मुलांनी रस्त्यावरचे वाहतुकीचे शंकू गोळा केले होते, तोच त्याचा शिक्का झाला. डिसेंबरात ख्रिसमस जवळ आला की त्या शंकूवर सांताची टोपी चढते. हे काम पुढे नेणाऱ्या जाँ-बाप्तिस्त केम्फ यांनी जाहिराती घालण्यासाठी देऊ केलेले कोट्यवधी युरो नाकारले. २०२२ मध्ये भारतात व्हीएलसीचं संकेतस्थळ फेब्रुवारीपासून बंद करण्यात आलं होतं. त्याविरुद्ध कायदेशीर नोटीस गेली आणि नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा उघडलं. जाहिरात नाही, पाळत नाही, पैसे नाहीत. लोकांचं इतकं निखळ प्रेम मिळालेलं दुसरं सॉफ्टवेअर मला तरी ठाऊक नाही.

आपला ल, आपला श

मराठी वापरणाऱ्यांचीही एक जुनी तक्रार आहे. फोनवर मराठी लिहिलं तरी ल आणि श पुष्कळदा हिंदी वळणाचे दिसतात. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची वळणं. राज्य शासनाच्या २०२२ च्या वर्णमालेच्या निर्णयातही तीच आहेत. गंमत म्हणजे काही फॉन्टांच्या पोटात दोन्ही वळणं भरलेली असतात. मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरला समजलं की मराठी वळण बाहेर येतं. न समजलं तर येत नाही. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं देवनागरी दाखवणारा ‘मंगल’ हा फॉन्ट एका मराठी माणसाने, कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. अ वर चंद्र असलेलं ‘ॲ’ हे आपलं अक्षर युनिकोड या कम्प्युटरच्या जागतिक अक्षरसूचीत आलं २००८ साली. तोवर ‘ऍ’ वर भागवावं लागे. फोनची भाषा मराठी करून ‘लाल शाल’ लिहून पाहा. काही ॲपमध्ये अक्षरं वळण बदलतील, काहींत नाही. ज्या ॲपमध्ये बदलणार नाहीत, त्याच्या ‘अभिप्राय कळवा’ या रकान्यात ते लिहून टाका.