जुन्या मोटारीला टर्बोचे बळ : हिशेब हवेचा आणि वऱ्हाडी उन्हाचा

अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन प्रमुख शहरांना जोडणारा महामार्ग जून २०२२ मध्ये देशभर चर्चेत आला. राष्ट्रीय महामार्ग ५३ वरील या टप्प्यात एका मार्गिकेचा ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंडपणे टाकण्यात आला आणि त्या विक्रमाची नोंद गिनेस बुकात झाली. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू मागे टाकत जाणाऱ्या या वाटेवर आता रस्ता वेगाला अडवत नाही. अडवते ते जुन्या मोटारीचे इंजिन. घरात चार माणसे, वर सामान आणि एसी सुरू, अशा अवस्थेत ट्रक ओलांडायला निघालेली पंधरा-वीस वर्षांची मोटार नेमक्या मोक्याच्या क्षणी धापा टाकू लागते. मग 'टर्बो बसवून घ्या' हा सल्ला कुणीतरी हमखास देतो.

हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. टर्बोचार्जर शक्ती देत नाही, तो हवा देतो. शक्ती इंजिनालाच निर्माण करावी लागते आणि तिचा ताणही त्यालाच सोसावा लागतो. हा भेद लक्षात घेतला नाही, तर हौसेने केलेला खर्च इंजिनाच्या मुळावर येतो.

शक्ती हवेतून येते

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी साधारण पंधरा ग्रॅम हवा लागते. इंधन हवे तितके वाढवता येते, पण साध्या इंजिनात हवा वाढवता येत नाही. पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढून घेईल, तेवढीच. उंचीवर ही अडचण आणखी जाणवते. परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला, म्हणजे सुमारे ११०० मीटर उंचीवर पोहोचेपर्यंत हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण एक दशांशाने विरळ झालेली असते आणि इंजिनाची शक्तीही जवळपास त्याच प्रमाणात घटते.

यावरचा उपाय स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी शोधला आणि १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर एक छोटे चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावर बसवलेल्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, ही ती कल्पना होय. मोटारीच्या टर्बोमधील हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. तो बेअरिंगला घासत नाही, कारण इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तो तरंगत असतो. म्हणजेच टर्बोचे आयुष्य ऑइलच्या दर्जावर आणि दाबावर अवलंबून असते.

पंचेचाळीस अंशांचा हिशेब

हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचे टोक गरम होते ते याच कारणाने. वऱ्हाडात हा नियम फार महागात पडतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे नवलाचे नाही. या तापमानाची हवा टर्बोने दीडपट दाबली, तर नेहमीच्या कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून ती सुमारे १०० अंश तापून बाहेर पडते. तापलेली हवा प्रसरण पावते. त्यामुळे दाब ५० टक्क्यांनी वाढूनही प्रत्यक्षात हवेचे वजन जेमतेम २७ टक्के वाढते.

हीच हवा इंटरकूलरमधून, म्हणजे हवा थंड करणाऱ्या जाळीतून नेऊन ६० अंशांपर्यंत उतरवली, तर वाढ ४३ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. याचा अर्थ स्पष्ट आहे. थंड प्रदेशात हलक्या दाबाचा टर्बो इंटरकूलरविना एकवेळ चालून जाईल, अमरावती-अकोल्यात मात्र इंटरकूलर ही चैन नसून गरज आहे. रेडिएटरवरचा भारही वाढतो. उन्हाळ्यात एसी लावताच ज्या मोटारीच्या तापमानाचा काटा आधीच वर सरकतो, तिला टर्बो सोसणार नाही.

कारखान्याने काय केले?

जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनाला टर्बो जोडण्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले. टाटा मोटर्सने १९९८ मध्ये पुण्यात तयार केलेली इंडिका बाजारात आणली. तिच्या १४०५ सीसी डिझेल इंजिनाची शक्ती सुमारे ५३ अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे चाकांना मिळणारी ओढ, ८५ न्यूटन-मीटर होती. पुढे त्याच क्षमतेच्या इंजिनाला टर्बोचार्जर आणि इंटरकूलर जोडलेली आवृत्ती इंडिका व इंडिगो या गाड्यांत आली. तिची शक्ती सुमारे ७० अश्वशक्तीपर्यंत आणि टॉर्क १३५ न्यूटन-मीटरपर्यंत गेला. इंडिकाचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले.

या आकड्यांत एक इशारा दडलेला आहे. शक्ती एक तृतीयांशाने वाढली, पण टॉर्क जवळजवळ एकशे साठ टक्के झाला. हा वाढीव पीळ क्लच प्लेट, गिअरबॉक्स आणि ॲक्सल यांतूनच चाकांपर्यंत जातो. ८५ न्यूटन-मीटरच्या हिशेबाने बसवलेला क्लच १३५ ला घसरू लागला, तर दोष क्लचचा नव्हे. वेग वाढला की ब्रेकही त्या तोलाचे लागतात. कंपनी टर्बो बसवते तेव्हा या सर्व भागांचा एकत्रित विचार होतो. गॅरेजमध्ये मात्र बहुधा टर्बोपुरताच होतो.

पेट्रोलची अडचण वेगळी

डिझेल इंजिनात आधी केवळ हवा दाबली जाते आणि नंतर इंधन फवारले जाते. त्यामुळे जास्तीची हवा त्याला फारशी बाधत नाही. डिझेल पंपातून इंधन प्रमाणाबाहेर वाढवले, तर मात्र काळा धूर येतो आणि पिस्टन व टर्बो दोन्ही अतिरेकी तापतात.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन मिसळूनच दाबले जाते. दाब व उष्णता मर्यादेपलीकडे गेली, की ठिणगी पडून सुरू झालेले ज्वलन पूर्ण होण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. इंजिनातून ठकठक आवाज येतो. हे 'नॉकिंग' सतत होत राहिले, तर हेड गॅस्केट फुटते, पिस्टनला भोक पडते. म्हणून टर्बो बसवताना इंजिनाचे संपीडन प्रमाण कमी करणे, ठिणगीची वेळ मागे घेणे आणि इंधन अचूक मोजून वाढवणे आवश्यक ठरते. कार्ब्युरेटरच्या गाडीत हे काम फार जिकिरीचे. इंजेक्शनच्या गाडीत त्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, नव्याने जुळवावा लागतो. शिवाय पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल नॉकिंगला आवर घालते हे खरे, पण तितक्याच हवेसाठी अधिक इंधन लागते आणि जुन्या गाडीचा पंप व जेट त्या बेताने बनलेले नसतात.

मोठ्या कंपन्यांनाही हा धडा किंमत मोजून शिकावा लागला. अमेरिकेतील ओल्ड्समोबिल कंपनीने १९६२ मध्ये 'जेटफायर' ही टर्बो मोटार आणली. नॉकिंग टाळण्यासाठी तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण भरावे लागे. अनेक मालकांना ते भरण्याचा विसर पडू लागला आणि दोन वर्षांतच ती मोटार बंद झाली. उलट स्वीडनच्या साब कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनाला टर्बो जोडताना संपीडन कमी केले आणि दाब ठरावीक मर्यादेपुढे जाऊ नये म्हणून 'वेस्टगेट' ही झडप वापरली. कमाल वेगापेक्षा ओव्हरटेक करताना लागणारी ओढ वाढवणे, हे तिचे उद्दिष्ट होते आणि ते साधले.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने अशा बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. त्यामुळे पाटी एमएच २७ ची असो वा एमएच ३० ची, काम हाती घेण्याआधी आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करणे शहाणपणाचे. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीत गाडीची तपासणी होतेच. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर उघडकीस आला, तर दावा अडचणीत येऊ शकतो. ज्या ओव्हरटेकसाठी टर्बो बसवला, त्याच ओव्हरटेकमध्ये अपघात झाल्यास कुटुंबाला भरपाईसाठी झगडावे लागावे, हे कोणालाच परवडणारे नाही.

आधी इंजिनाची नाडी पाहावी

टर्बोचा विचार करण्यापूर्वी इंजिनाची प्रकृती तपासणे हा योग्य क्रम आहे. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. चारही आकडे जवळपास सारखे असतील तर ठीक. एखादा खाली असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह झिजलेले आहेत. सुरू इंजिनाचे ऑइलचे झाकण काढल्यावर धूर जोराने बाहेर येत असेल, तर मिस्त्री ज्याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात ती अवस्था आली आहे. असे इंजिन ऑइल पिते आणि टर्बोच्या दाबाने ते अधिकच लवकर बसते.

अनेकदा गमावलेली ओढ टर्बोशिवायही परत मिळते. कापसाच्या हंगामातील धुळीने चोंदलेला एअर फिल्टर, थकलेले इंजेक्टर, चुकलेले टायमिंग, घसरणारा क्लच आणि कमी हवेचे टायर हे सारे मिळून शक्तीचा मोठा वाटा खातात. हे दुरुस्त केल्यावर गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाच्या क्षमतेच्या जवळ येते आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नसते.

एवढे करूनही ओढ अपुरी वाटली आणि परवानगीचा मार्ग मोकळा असला, तर दाब कमी ठेवावा, इंटरकूलर टाळू नये, ऑइल वेळेआधी बदलावे आणि लांबच्या प्रवासानंतर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर मंद चालू द्यावे. तापलेल्या टर्बोत अडकलेले ऑइल करपून बेअरिंगचा मार्ग बुजवते, ते यामुळे टळते. आणि कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली चांगल्या स्थितीतील जुनी गाडी त्याच खर्चात मिळत असेल, तर हिशेब तिच्याच बाजूने झुकतो.