टपालखर्चाचा चोख हिशेब

घरी तयार केलेल्या वस्तू इंटरनेटवरून विकण्याची सोय आता खेड्यांतील कुटुंबांनाही झाली आहे. या व्यवहारात टपाल व बांधणीचा खर्च ग्राहकाकडून घेणे रास्तच होय. परंतु त्या नावाखाली नफा उकळणे आम्हांला सचोटीचे वाटत नाही.

अमेरिकेत हा प्रकार फार बोकाळला होता. ईबे ही इंटरनेटवरील बाजारपेठ २०११ पर्यंत तेथे केवळ वस्तूच्या किमतीवर दलाली आकारीत असे. म्हणून काही विक्रेते किंमत नाममात्र ठेवीत आणि टपालखर्च अवाच्या सवा लावीत. अखेर त्या वर्षी ईबेने टपालखर्चावरही दलाली बसविली. काहींच्या लबाडीपायी प्रामाणिक विक्रेत्यांनाही भुर्दंड पडला.

खर्च सांगण्यापूर्वी वस्तू नीट बांधून तिचे वजन करावे. खोके, कागद व चिकटपट्टी यांची किंमत जरूर धरावी. खोके मात्र बेताचेच निवडावे. पुष्कळ कुरिअर कंपन्या त्याच्या लांबी, रुंदी व उंचीच्या सेंटिमीटरांचा गुणाकार करून त्यास ५००० ने भागतात. येणारे किलो खऱ्या वजनाहून अधिक भरल्यास त्यांवरच आकार घेतात. ३० × २० × २० सेंटिमीटरांचे खोके, आत अर्धा किलोच माल असला तरी, २.४ किलोंचे ठरते.

आपल्या देशात नियमितपणे असा व्यापार करणाऱ्याने एकूण किंमत व तीतील टपालखर्च उघड दाखविलाच पाहिजे, असे २०२० चे ई-वाणिज्य नियम सांगतात. कायद्याची गोष्ट राहो. टपालाची पावती ग्राहकाच्या हाती देताना संकोच वाटू नये, एवढाच आकार घ्यावा. असा विक्रेता ग्राहकाच्या स्मरणात राहतो.